खोलीत माझा मागमूस

सासूबाई गेल्या तेव्हा लोक म्हणाले, सुटलीस. तोंडावर कुणी म्हणालं नाही, पण जिन्यात मला वाट देताना त्यांच्या चेहऱ्यावर ते दिसायचं. खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटलं होतं. दोन-चार दिवस. मग एका सकाळी मी कामावर निघाले, दाराला कुलूप लावत होते, आणि आतून त्यांचा आवाज आला, "खिडकी लावलीस का?"

"लावली," मी म्हटलं आणि जिना उतरायला लागले. अर्ध्या जिन्यात पाय थांबले. परत वर जाऊन बघायची हिंमत झाली नाही. संध्याकाळी येऊन बघते तर खिडकी सताड उघडी. म्हणजे त्यांचंच बरोबर निघालं होतं, नेहमीसारखं.

मी हॉटेलात खोल्या आवरते. पाहुणा गेला की त्याची खोली अशी करायची की तिथे कधी कोणी राहिलंच नव्हतं असं वाटलं पाहिजे. उशीवर केस नको, बेसिनवर थेंब नको, चादरीला सुरकुती नको. आमच्या मॅनेजरीणबाई म्हणतात, पाहुण्याला त्याच्या आधीचा माणूस दिसता कामा नये. हे काम मला चांगलं येतं. का येणार नाही? घरी मी आयुष्यभर तेच केलंय. लग्न होऊन आले तेव्हाच सासूबाईंनी सांगून ठेवलं होतं, "ही माझी खोली आहे, इथे पसारा चालणार नाही." पसारा म्हणजे मी. पलंग त्यांचा, कपाट त्यांचं, खिडकीजवळची खुर्ची तर त्यांचीच. माझा नवरा लवकर वारला, तापाचं निमित्त झालं. त्यानंतर आम्ही दोघीच राहिलो आणि मी आणखी आक्रसले. माझी गादी सकाळी गुंडाळून पलंगाखाली जायची, कपड्यांची बॅगही पलंगाखालीच. ओला टॉवेल त्यांना डोळ्यासमोर चालत नसे, म्हणून तो मी पिशवीत घालून कामावर नेई आणि तिथे गरम पाइपावर वाळवी.

त्या वाईट होत्या असं नाही. मी आजारी पडले तर रात्रभर उशाशी बसायच्या आणि रात्रभर बोलायच्या. अंग फणफणलेलं असताना कानाशी ती कटकट, वाटायचं ताप परवडला. पण उठून गेल्या नाहीत कधी. आणि हो, भांडायच्या. रोज. आम्हा दोघींचं सकाळी भांडण झालं नाही तर शेजारचे रेडिओकाका दार ठोठावून विचारायचे, "सूनबाई, सगळं ठीक आहे ना?"

रेडिओकाकांची आणि आमची भिंत एक. ते रेडिओ दुरुस्त करतात, म्हणजे करायचे. आता कोण रेडिओ दुरुस्त करून घेतं? पण खोलीभर मांडून बसलेले असतात. पूर्ण मजल्यावर आता ते आणि मी, दोनच बिऱ्हाडं. बाकीची जवळजवळ सगळी इमारत मालकाने रिकामी केली.

त्याला ती पाडून नवीन उंच बांधायची होती. मालक स्वतः कधी दिसला नाही. दिसायचा तो त्याचा वसुलीवाला. त्याला आम्ही गोडबोल्या म्हणायचो, कारण तो शिवी देतानाही 'कृपा करून' म्हणायचा. गोडबोल्याने कुणाला पैशाने उठवलं, कुणाला भीती दाखवून. आणि ज्या खोलीतलं बिऱ्हाड उठलं त्या खोलीचं दार तो दुसऱ्याच दिवशी चौकटीतून उपटून न्यायचा, म्हणजे पुन्हा कोणी तिथे राहायला नको. संध्याकाळी जिना चढताना प्रत्येक मजल्यावर ती बिनदाराची भोकं बघत यावं लागे. आत अंधार, आणि ओळखीची माणसं नसलेली ओळखीची खोली. खालच्या मजल्यावर नर्सबाईच्या खोलीत आरसा होता, तिथे भिंतीवर फिकट चौकोन उरला होता. त्याच्यासमोरून जाताना माझा हात आपोआप केसांकडे जाई. एकदा तर मी त्या चौकोनासमोर थांबून केस नीट केले, आणि मग भानावर येऊन जी पळत सुटले ती थेट काकांच्या दारात.

"काय गं, भूत बघितलंस?" काकांनी विचारलं.

"भूत असतं तर बरं होतं. कोणीच नाहीये," मी म्हटलं.

सासूबाई जाऊन महिना होतो न होतो तोच गोडबोल्या आला. दारातच उभा राहिला, चेहरा पाडून. "वहिनी, वाईट झालं. देवमाणूस होत्या. आता असं बघा, भाडं त्यांच्या नावावर होतं. त्या गेल्या, म्हणजे भाडेकरू संपला. तुम्ही इथे एका अर्थी पाहुण्याच. कृपा करून किल्ली द्या, मालक तुमचं काहीतरी बघतील."

पाहुणी. माझ्या डोक्याची शीर तडकली. पाहुण्यांच्या मागे आवरून आवरून माझी कंबर गेली, आणि हा मला पाहुणी म्हणतो. मी दार लावून घेतलं. पुढच्या आठवड्यात आमच्या मजल्याचं पाणी बंद झालं. पाइप फुटलाय म्हणे. त्या दिवसापासून मी आंघोळ, कपडे, सगळं हॉटेलातल्या कामगारांच्या मोरीत उरकायला लागले. काकांसाठी खालून बादल्या आणायच्या आणि वर त्यांची बोलणी खायची की अर्धी बादली जिन्यात सांडलीस.

हॉटेलातल्या एका बाईने मला फुकट सल्ला देणाऱ्या वकीलबाईंकडे नेलं. लहानखुरी बाई, नाकावर घसरणारा चष्मा, पण बोलणं खणखणीत. त्या म्हणाल्या, "भाडेकरू मेला की खोलीवरचा हक्क मेला, असं नसतं. घरातलं जे माणूस शेवटपर्यंत त्यांच्यासोबत राहत होतं, त्याला राहायचा हक्क असतो. कोर्टाचा हुकूम आणल्याशिवाय मालक तुम्हाला बाहेर काढू शकत नाही. पाणी तोडणं तर सरळ गुन्हा आहे, त्याची तक्रार आपण वेगळी करू. तुम्ही तीन गोष्टी करायच्या नाहीत. किल्ली द्यायची नाही, कशावर सही करायची नाही, आणि खोली बंद ठेवून दुसरीकडे राहायला जायचं नाही."

तिसरी गोष्ट मी आधीच करून बसले होते. सासूबाई गेल्यावर थोड्याच दिवसांनी भाऊ मला हट्टाने त्याच्या घरी घेऊन गेला होता, तिथे मी बरेच दिवस राहिले होते. गोडबोल्याच्या नजरेतून ते सुटलं नव्हतं. प्रकरण कोर्टात गेलं तेव्हा त्याने तिथे तेच लावून धरलं. ही बाई भावाकडे राहते. सासूच्या हयातीतही तिकडेच राहायची, अधूनमधून भेटायला यायची. खोली बंद असते, आत फक्त मेलेल्या म्हातारीचं सामान आहे.

कोर्टाने सांगितलं, एक बाई खोलीची पाहणी करायला येतील. तिथे खरंच कोण राहतं ते बघून कोर्टाला कळवतील. माझं सगळं त्या पाहणीवर येऊन ठेपलं. भावाच्या घरात त्याचीच माणसं मावत नाहीत, ही खोली गेली असती तर मी रस्त्यावर आले असते.

इथे मला एक सांगितलं पाहिजे. माझ्या वस्तू खोलीत मांडायचा मी प्रयत्न केला नाही असं नाही. सासूबाई गेल्यावर मी माझी फणी फळीवर ठेवली होती, त्यांच्या चष्म्याशेजारी. "ती उचल तिथून," त्या म्हणाल्या.

"का उचलू? तुम्हाला आता काय करायचंय?"

"केस पडतात."

"पडू देत."

संध्याकाळी कामावरून आले तर फणी माझ्या बॅगेत होती. मीच टाकली असणार, निघायच्या घाईत. दुसरं कोण टाकणार? एकदा मी त्यांच्या पलंगावर झोपले. सकाळी जाग आली ती खाली फरशीवर, माझ्या गादीवर, नीट पांघरूण घेतलेलं. गादी मी कधी ओढली, कधी अंथरली, काही आठवत नव्हतं. त्यांच्या खुर्चीच्या उशीत बसल्याचा खळगा होता, तो मी रोज थोपटून सारखा करायची आणि दुसऱ्या दिवशी तो असायचाच. मला भीती वाटायची. पण खरं सांगू, तो खळगा एखाद्या दिवशी नसला असता तर जास्त भीती वाटली असती.

म्हणून मग मी नाद सोडला. त्यांचं जिथल्या तिथे ठेवलं, आणि माझं पलंगाखाली. सकाळ-संध्याकाळ भांडण मात्र चालू राहिलं. त्याशिवाय घरात आल्यासारखं वाटत नसे.

पाहणीच्या आदल्या दिवशी वकीलबाईंचा फोन आला. "काही बदलू नका. खोली रोज असते तशी ठेवा." मी म्हटलं, हो. आणि मग जे केलं त्याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात. दुसऱ्या दिवशी मी रजा घेतली. सकाळपासून खालून आणलेल्या पाण्याने खोली घासली, मोरी पुसून कोरडी केली. कोर्टाचं माणूस येणार, म्हणजे पाहुणाच नाही का. पलंगाची चादर हॉटेलसारखी ताणून बसवली, चारी कोपरे दुमडून. कप धुऊन पुसून कपाटात. कचऱ्याचा डबा रिकामा करून पालथा. आणि माझी गादी, तिला डाग होते, एका बाजूने कापूस निघाला होता, परक्या बाईला ती दिसली तर काय म्हणेल, म्हणून मी ती गुंडाळून रेडिओकाकांकडे ठेवून आले. काका कुरकुरले, पण रेडिओंच्या ढिगावर कुठेतरी टाकली.

सगळं झाल्यावर मी दारात उभं राहून बघितलं, कामावर बघते तशी. एक डागही दिसत नव्हता. मला स्वतःचं कौतुक वाटलं. इतकी मी मूर्ख.

पाहणीला आलेल्या बाई माझ्याच वयाच्या असतील. थकलेल्या, जिने चढून धाप लागलेल्या. मागे गोडबोल्या, इस्त्रीच्या शर्टात. बाईंनी खोलीत नजर फिरवली. खुंटीवर सासूबाईंची शाल. कोपऱ्यात त्यांची काठी. फळीवर त्यांचा चष्मा, औषधाच्या बाटल्या. पलंगाखाली त्यांच्या चपला. बाईंनी मोरीत डोकावलं. मोरी कोरडी ठणठणीत, साबण नाही, टॉवेल नाही. चुलीवर भांडं नाही.

"तुमचं सामान कुठाय?" त्यांनी विचारलं.

मी पलंगाखालून बॅग ओढली. घडी घातलेले कपडे, वर फणी, दात घासायचा ब्रश डबीत घातलेला.

"कृपा करून बघा, बाई," गोडबोल्या हळुवार आवाजात म्हणाला. "बॅग भरलेली आहे. आज सकाळीच भावाकडून आल्या असणार."

"मी इथेच राहते," मी म्हटलं.

"झोपता कुठे?"

"खाली. गादीवर."

"गादी कुठाय?"

मी भिंतीकडे बोट दाखवलं. "शेजारी ठेवलीय."

गोडबोल्या हसला नाही, पण नाक खाजवण्याच्या निमित्ताने तोंडावर हात नेला. बाईंचा चेहरा कोरा होता. त्या लिहायला लागल्या तसं मला खोलीकडे त्यांच्या डोळ्यांनी बघता आलं. तिथे एक म्हातारी राहत होती. ती आत्ताच बाहेर गेली असावी, येईल इतक्यात. दुसरं कोणीच तिथे राहत नव्हतं. इतकी वर्षं मी रोज सकाळी स्वतःला त्या खोलीतून पुसून टाकलं होतं, आणि आता मी खरंच तिथे नव्हते. मला वाटलं, गेलेली मीच आहे. सासूबाई जिवंत आहेत आणि गेलेली मी आहे.

"बघ, मी तुला सांगत होते," सासूबाई म्हणाल्या नाहीत, पण म्हणाल्यासारखं वाटलं, आणि माझा तोल गेला. "तुमच्यामुळे झालं हे," मी खुर्चीकडे बघून बोलून गेले. "एक फणी ठेवू दिली नाहीत कधी."

बाईंनी लिहिणं थांबवलं. आणि दारातून रेडिओकाका आत आले, काखेत माझी गादी, कापूस गळतोय. "सूनबाई, ही तुझी गादी घे बाई परत, मला पाय ठेवायला जागा नाही." मग त्यांनी माणसं बघितली आणि तिथेच थबकले.

"तुम्ही शेजारी?" पाहणीच्या बाईंनी विचारलं. "ह्या इथे राहतात?"

"राहते म्हणजे? कुठे जाणार?"

"तुम्हाला कशावरून माहीत? रोज भेटता?"

"भेटायला कशाला हवं? भांडण ऐकू येतं की."

"कोणाशी भांडतात?"

"सासूशी," काका म्हणाले, जणू हे सगळ्या गावाला माहीत आहे.

"त्यांच्या सासूबाई वारल्या आहेत."

"हो, मीच होतो ना खांदा द्यायला. आधी दोघींचा आवाज यायचा, आता हिचा एकटीचा येतो. सकाळी एकदा, कामावरून आली की एकदा. मी रेडिओ बंद करतो त्या वेळी." काकांनी गादी खाली टेकवली. "ही मधे मधे गप्प होते, बघा. समोरच्याचं बोलून होईस्तोवर थांबते. मग पुढे बोलते. थांबण्यावरून मला कळतं म्हातारी काय म्हणाली असेल ते."

माझे कान तापले. भिंतीला कान असतात हे मला माहीत होतं, पण त्या कानांनी माझं थांबणंही ऐकलं होतं. भर सभेत कोणी अंगावरचं पांघरूण ओढावं तसं झालं. गोडबोल्याने संधी साधली. "बाई, तुम्हीच बघा. मेलेल्या माणसाशी बोलतात. ह्यांना उपचाराची गरज आहे, खोलीची नाही."

पाहणीच्या बाई माझ्याकडे वळल्या. "हे खरं आहे?"

नाही म्हटलं असतं तर अब्रू राहिली असती आणि खोली गेली असती. हो म्हटलं तर मी वेडी. "खरं आहे," मी म्हटलं.

"आत्ताही बोलतायत त्या?"

मी खुर्चीकडे बघितलं. थांबले. मग म्हटलं, "विचारतायत, ह्या माणसाला आत घेतलंस कशाला."

गोडबोल्या खुर्चीला टेकून उभा होता. तो दोन पावलं मागे सरकला. मग सगळ्यांनी बघितलं हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याचा चेहरा उतरला. मला त्या घडीलाही हसू आलं, देवाशप्पथ.

बाईंना हसू आलं नाही. त्यांनी शांतपणे विचारलं, "ही खोली कोणाची?"

आणि मी पुन्हा माती खाल्ली. तोंडातून इतकी वर्षं जे यायचं तेच आलं. "सासूबाईंची."

"मग तुम्ही कोण?"

"मी त्यांची सून. त्यांच्यापाशी राहते."

बाईंनी ते लिहून घेतलं, काकांचं बोलणंही लिहून घेतलं, पाण्याचा नळ फिरवून बघितला आणि तो कधीपासून कोरडा आहे ते मला विचारलं. गोडबोल्याला काही विचारलं नाही. जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवल्यासारखं केलं आणि ठेवला नाही.

निकाल लागायला वेळ लागला. तोवर मी जीव मुठीत धरून राहिले. कामावरून येताना प्रत्येक मजल्यावर वाटायचं, आज वर पोचले तर आपलंही दार नसेल. शेवटी वकीलबाईंनी बोलावून सांगितलं. पाहणीच्या बाईंनी लिहून घेतलेलं माझं आणि काकांचं बोलणं धरून, मी सासूबाईंच्या घरातली म्हणून तिथे राहत होते हे कोर्टाने मानलं. खोली माझ्या नावावर. पाणी मालकाने लगेच चालू करायचं, आणि मला किंवा काकांना त्रास द्यायचा नाही. वकीलबाई म्हणाल्या, "आता निर्धास्त राहा. पसरून राहा."

मी धावत घरी आले. धाप लागलेली, चप्पलही काढली नाही. दार उघडून खुर्चीसमोर उभी राहिले.

"सासूबाई, झालं. खोली माझ्या नावावर झाली."

आणि थांबले.

रस्त्यावरून एक गाडी गेली. नळातून हवा फुसफुसली, पाणी येत असणार. मी वाट बघितली. त्यांना राग आला असेल, राग आला की त्या आधी गप्प बसायच्या.

"ऐकलंत का? माझी. तुमची नाही आता. मी पाहिजे तिथे पाहिजे ते ठेवणार."

खुर्चीची उशी सपाट होती. मी सकाळी थोपटली होती तशीच.

"बोला की," मी म्हटलं. "शिव्या द्या. काहीतरी बोला." माझा आवाज मला ऐकू आला, एकटा, रिकाम्या खोलीत घुमतो तसा, आणि मला रडू कोसळलं. त्या गेल्या तेव्हा आलं नव्हतं इतकं.

भिंतीपलीकडे रेडिओ बंद झाला. मग काकांनी बोटाने भिंतीवर टकटक केली.

"सूनबाई, काय म्हणाल्या?"

"काही नाही, काका. काहीच म्हणत नाहीयेत."

"पुन्हा विचार," काका म्हणाले. "मी थांबतो."